आधी पाण्याची वाट, मग अंगणाची फरशी



लग्नसराई जवळ आली की गावोगावी घरांची डागडुजी सुरू होते. कुणी कौले चाळतो, कुणी भिंतींना रंग देतो, आणि हातात चार पैसे असले तर कुणी म्हणतो, "यंदा अंगणात फरशी घालून टाकू. चिखल नको, सारवणं नको, पाहुण्यांना बसायला जागाही छान होईल." विचार चांगला आहे. सारवण्याचे कष्ट ज्या बाईने उभा जन्म काढले, तिला तो अधिकच चांगला वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. आज मी तुम्हांला फरशी घालू नका असे सांगायला आलेलो नाही. घालाच. पण फरशी घालण्याआधी एका पाहुण्याची सोय करा, एवढेच सांगायचे आहे. तो पाहुणा आमंत्रणाशिवाय येतो, दरसाल येतो, आणि मृगापासून हस्तापर्यंत चार महिने मुक्काम ठोकतो. तो म्हणजे पाऊस.

माझ्या पाहण्यातले एक घर सांगतो. देशावरचे जुने घर. खाली गुडघाभर उंचीचे दगडी जोते आणि त्यावर पांढरीच्या मातीच्या जाड भिंती. घरात लेकीचे लग्न निघाले. आठ दिवसांत अंगणात शहाबादी फरशी घालून झाली. जुन्या जमिनीवरच मुरूम पसरला, त्यावर फरशी बसवली आणि सांधे सिमेंटने भरले. अंगण चांगले फूटभर उंच झाले. गवंडी म्हणाला, "आता दोन पायऱ्या कमी चढाव्या लागतील, म्हाताऱ्या माणसांना बरं." लग्नात सगळ्यांनी अंगणाची वाखाणणी केली.

पुढे भाद्रपदात पावसाची झड लागली. घरातली आजी म्हणू लागली, "माझ्या अंथरुणाखाली जमीन गार लागते रे." म्हातारपणी थंडी वाजतेच, असे म्हणून कुणी लक्ष दिले नाही. मग अंगणाकडच्या भिंतीला वीतभर उंच ओल चढली, पोपडे सुटले, आणि एके दिवशी भिंत बाहेरच्या अंगाला फुगलेली दिसली. शेजाऱ्यांनी आग्रह करून माणसे देवळात झोपायला नेली, म्हणून बरे. तिसऱ्या रात्री भिंतीचा बाहेरचा थर ढासळला. सकाळी घरधनी अंगणात उभे राहून म्हणाले, "फरशी मात्र एकही हलली नाही हो!"

खरेच हलली नव्हती. फरशी उत्तम बसली होती. चूक फरशीत नव्हती, चूक पाण्याच्या हिशेबात होती. फरशी उंच झाल्यामुळे अंगणातले पाणी दगडी जोत्याच्या वर पोचले आणि थेट मातीच्या भिंतीला भिडले. दगड भिजला तरी त्याचे काही बिघडत नाही, पण माती भिजली की तिच्यातला जोर जातो. दर पावसाळ्यात भिंत पडून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण ऐकतो. प्रत्येक भिंत फरशीमुळेच पडते असे नाही, पण भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचणे हे त्यातले एक मोठे कारण असते. म्हणून अंगणातल्या पाण्याची गोष्ट ही नुसती चिखलाची किंवा शोभेची गोष्ट नव्हे. भिंतीच्या आत जी माणसे झोपतात, त्यांची ती गोष्ट आहे.

तुम्ही म्हणाल, मातीचे अंगण होते तेव्हा पाणी नव्हते का? होते की. पण मातीचे अंगण थोडे पाणी पीत असे, थोडे वाहू देत असे. शिवाय कुठे पाणी तुंबले, तर घरातले कुणीतरी भर पावसात डोक्यावर पोते घेऊन बाहेर जाई आणि कुदळीच्या दोन घावांत त्याला वाट करून देई. पावसाळा सरला की अंगण उकरून, पाणी मारून, चोपण्याने चोपून पुन्हा नीट केले जाई. म्हणजे अंगणाचा उतार दरसाल तपासला जात होता आणि दरसाल दुरुस्त होत होता. फरशीचे तसे नाही. फरशीवर कुदळ चालत नाही. एकदा चुकलेला उतार वीस वर्षे चुकलेलाच राहतो.

आपल्या पूर्वजांनी फरसबंद अंगणे केली नाहीत असेही नाही. जुन्या वाड्यांतले चौक पाहा. चौक दगडी आहे, पण तो भोवतालच्या ओसरीपेक्षा चांगला खोल आहे, त्याला एका कोपऱ्याकडे उतार आहे, आणि त्या कोपऱ्यात मोरीचे तोंड आहे. चारी बाजूंच्या छपरांचे पाणी त्या चौकात पडते, आणि तरीही ओसरीवर टेकलेल्या माणसाचा पाय भिजत नाही. मुंबईजवळची कान्हेरीची लेणी पाहा. डोंगराच्या कातळावर पडलेले पाणी पन्हळीसारख्या चऱ्या खोदून टाक्यांत उतरवले आहे. दगडावर पडलेल्या पाण्याला वाट करून द्यावी लागते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

आता थोडा हिशेब करू. भिऊ नका, सोपा आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. एवढे एकच सूत्र लक्षात ठेवा. समजा, तुमचे अंगण ५ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब आहे. म्हणजे ३० चौरस मीटर. जोराची सर आली आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर अंगणावर १,५०० लिटर पाणी पडले. पण तेवढ्याने भागत नाही. आढ्याचे पाणी वळचणीला, ही म्हण आपण उगाच म्हणत नाही. घराचे छप्पर ६ मीटर बाय ८ मीटर असेल, तर त्याचे दोन पाख्यांचे मिळून ४८ चौरस मीटर होतात. त्यातला अंगणाकडचा निम्मा पाखा २४ चौरस मीटरांचा. त्याचे १,२०० लिटर पाणी अंगणातच उतरते. एकूण झाले २,७०० लिटर. पंधरा लिटरची घागर धरली, तर १८० घागरी! एका तासात तुमच्या अंगणात कुणी १८० घागरी ओतल्या, तर त्या कुठल्या वाटेने बाहेर जातील? या प्रश्नाला उत्तर असेल, तरच गवंड्याला बोलवा.

५० मिलिमीटर म्हणजे काही जगावेगळा पाऊस नव्हे. कोकणात किनाऱ्याला वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरकडे पाचशे ते सातशे. पण कमी पावसाच्या मुलखानेही बेफिकीर राहू नये, कारण तिथला पाऊस दिवसाने कमी असला तरी पडतो तेव्हा वळवासारखा धो धो पडतो. आणि कधीकधी आभाळ फाटतेच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या ३० चौरस मीटरांच्या अंगणावर तो पडला असता, तर २८ हजार लिटरांवर पाणी झाले असते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. असल्या पावसासाठी कुणी अंगण बांधत नाही. पण त्याही दिवशी पाणी घराकडे न येता घरापासून दूर जाईल, एवढी दिशा तर आपल्या हातात असते ना?

मग सुरुवात कुठून करायची? फरशीच्या दुकानातून नव्हे. सुरुवात करायची पाणी बाहेर जाण्याच्या जागेपासून. शक्य असेल तर फरशी घालण्याआधीचा एक पाऊस अंगणात उभे राहून पाहा. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठून जाते, ते पाहा आणि त्या जागांवर खुंट्या ठोका. आपल्या आवारातली सगळ्यांत सखल जागा कोणती आणि तिथून पाणी पुढे कुठे जाते, हे आधी ठरले पाहिजे. मोरीचे तोंड पक्के झाले, की तिथली पातळी धरून मागे भिंतीकडे चढत यायचे. पुष्कळ ठिकाणी उलटे होते. भिंतीपासून फरशी घालत घालत जातात, आणि कुंपणापाशी पोचल्यावर कळते की गटार फरशीपेक्षा चार बोटे उंच आहे!

पातळी डोळ्यांनी जोखू नका. डोळा फसतो, विशेषतः डोंगरउताराच्या गावात. गवंड्याजवळ लेव्हलची पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरायचे, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि एक टोक भिंतीशी व दुसरे मोरीशी धरायचे. दोन्ही टोकांना पाणी सारख्याच पातळीत राहते. त्या पातळीवर भिंतीला आणि मोरीजवळच्या खुंटीला खूण करा, आणि खुणेपासून जमीन किती खाली आहे ते दोन्हीकडे मोजा. ही नळी खोटे बोलत नाही.

आता उतार किती द्यायचा? गुळगुळीत फरशी किंवा कोबा असेल, तर दर पाच फुटांस एक इंच, म्हणजे साठास एक. पाच मीटर रुंदीच्या अंगणाला हा उतार सव्वाआठ सेंटिमीटर होतो. ओबडधोबड दगड किंवा जांभ्याचे चिरे असतील, तर पाणी खडबडीत पृष्ठावर रेंगाळते. तिथे चाळीसास एक उतार द्या, म्हणजे पाच मीटरांना साडेबारा सेंटिमीटर. याहून फार जास्त उतारही नको. खाट डुगडुगते, धान्य वाळत घालता येत नाही, आणि शेवाळ धरले की म्हातारी माणसे घसरतात. उताराची दिशा मात्र एकच: घरापासून बाहेर.

यानंतर उंचीचा प्रश्न. ध्यानात ठेवा, नवी फरशी भिंतीशी कधीही जोत्याच्या कडेपर्यंत येता कामा नये. विटांच्या पक्क्या घरात जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला असतो. फरशी त्या थरापासून निदान अर्धा फूट खाली असावी, कारण पावसाचे थेंब फरशीवर आपटून वर उडतात आणि भिंत भिजवतात. मातीच्या भिंतीचे घर असेल, तर जोते जितके उघडे राहील तितके चांगले. एक फुटाच्या आत तडजोड करू नका. याचा अर्थ असा, की फरशीची जाडी वर चढवायची नाही, खाली उतरवायची. चार सेंटिमीटरची फरशी, तिच्याखाली चारपाच सेंटिमीटर चुना किंवा सिमेंटचा माल, त्याखाली पंधरा सेंटिमीटर मुरूम, असे मिळून जवळजवळ पाऊण फूट ते फूटभर होते. तेवढे खणायला हवे. जुन्या फरशीवर नवी फरशी घालण्याचा मोह तर अगदीच टाळा. दर लग्नाला एक थर चढवत गेले, की दोन पिढ्यांत जोते गाडले जाते. मात्र खणताना जुन्या घराचा पाया उघडा पाडू नका. पुष्कळ जुन्या घरांचे पाये उथळ असतात. भिंतीलगत बेताने खणा, थोडे थोडे खणा, आणि पाऊस येण्याच्या बेतात असेल तर चर उघडा ठेवू नका.

एक बारीक गोष्ट सांगतो, ती बहुतेक लोक विसरतात. उतार फक्त वरच्या फरशीला देऊन चालत नाही, खणलेल्या तळालाही तसाच उतार हवा. सांधे कितीही भरले तरी थोडे पाणी खाली झिरपतेच. ते खालच्या टणक जमिनीवरून वाहते. तळ भिंतीकडे झुकलेला असेल, तर वर फरशी कोरडी दिसते आणि खाली पाणी मुकाट्याने पायाकडे जात राहते. म्हणून आधी तळ उतारात खणायचा, पाणी मारून धुमसाने ठोकायचा, मग मुरूम दोन थरांत टाकून प्रत्येक थर भिजवून ठोकायचा. आणि घर नवे असेल, तर आणखी एक काळजी. पाया खणताना निघालेली माती भिंतीलगत परत लोटलेली असते. ती नीट दाबलेली नसते. एकदोन पावसांत ती बसते, तिच्यावरची फरशीही खचते, आणि बाहेर जाणारे पाणी उलटे भिंतीकडे वळते. अशा घरांत एक पावसाळा जाऊ द्यावा, किंवा ती माती थराथराने पाणी घालून ठोकून घ्यावी.

भिंत आणि फरशी यांचा सांधा हीही नाजूक जागा. घर आणि अंगण सारखे हलत नाहीत. तिथे नुसते सिमेंट भरले तर केसाएवढी फट पडते, आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी नेमके त्या फटीत शिरते. तो सांधा डांबर आणि वाळू यांच्या मिश्रणाने भरावा. ते थोडे लवचीक असते.

आता छपराच्या पाण्याकडे वळू. पागोळ्या पडतात तिथे जमिनीला ओळीने खळगे पडतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे. फरशी घातल्यावर खळगे पडत नाहीत, पण तेच पाणी उसळून भिंतीवर जाते. म्हणून जमले तर वळचणीला पन्हळ लावा. आणि पन्हळीची नळी भिंतीच्या कोपऱ्यात फरशीवर सोडून देऊ नका. तसे केले तर साऱ्या छपराचे पाणी एकाच ठिकाणी, तेही पायाशीच आणून ओतल्यासारखे होते. ती नळी थेट गटारापर्यंत न्या. पन्हळ परवडत नसेल, तर पागोळ्यांच्या रेषेखाली वीतभर रुंद उथळ चर फरशीतच काढा आणि तो गटाराला जोडा.

गटारही साधेच असावे. वीतभर रुंद, तळ गोलाईचा, आणि दर मीटरला एक सेंटिमीटर उतार. वर झाकण हवे, पण ते उचलता येईल असे. बंदिस्त गटारात आंब्याफणसाची पाने अडकली, की पहिल्याच पावसात अंगणाचे तळे होते. उघडता येणारे गटार घरातले पोरही साफ करू शकते.

जमिनीचा पोत पाहिल्याशिवाय पुढचे ठरवता येत नाही. कोकणात जांभ्याची जमीन पुष्कळ पाणी पिते. देशावर आणि मराठवाड्या-विदर्भात काळ्या मातीचा मुलूख आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. भिंतीच्या एका बाजूची काळी माती भिजत राहिली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली, तर पाया एकीकडे उचलला जातो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. म्हणून काळ्या जमिनीत फरशीखालची माती निदान फूट-दीड फूट काढून मुरूम भरावा. शेतासाठी आपण म्हणतो, पाणी अडवा, पाणी जिरवा. अगदी योग्य. पण जोत्याशी पाणी अडवायचेही नाही आणि जिरवायचेही नाही. तिथून ते दूर न्यायचे, आणि जिरवायचे ते कुंपणाजवळ. म्हणून भिंतीपासून तीन-चार फूट सांधे पक्के भरा. त्यापलीकडे तुळशीवृंदावनाभोवती, झाडाच्या आळ्याभोवती जागा मोकळी ठेवा, सांधे नुसत्या बारीक चुरीने भरा. झाडालाही पाणी मिळेल आणि गटारावरचा भारही थोडा हलका होईल.

दूर न्यायचे म्हणजे कुठे? शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे. इथे पुष्कळ भाऊबंदकी सुरू होते. उंचावरच्या जमिनीवरचे पावसाचे पाणी आपल्या स्वाभाविक वाटेने खालच्या जमिनीवर जाते, आणि खालच्याने ते अडवू नये, हे १८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यानेही मानले आहे. पण पसरून हळूहळू जाणारे पाणी फरशी घालून, एका नळीत गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणे ही स्वाभाविक वाट नव्हे. फरशी घालण्याआधी शेजाऱ्याला बोलवा, चहा पाजा आणि खुंट्या दाखवा. "दादा, माझं पाणी इकडून असं काढतोय, तुम्हांला अडचण नाही ना?" एवढे एक वाक्य पुढची दहा वर्षांची अबोला-भांडणे वाचवते.

आणखी एक अडचण अलीकडे गावोगाव दिसते. सिमेंटचा रस्ता होतो, काही वर्षांनी त्याच्यावर दुसरा थर येतो, आणि घरे रस्त्याच्या खाली जातात. मग रस्त्याचे पाणी अंगणात शिरते. यावर एकट्या घरधन्याचा इलाज नाही. रस्त्याचे काम निघाले, की ग्रामसभेत विचारा: जुना थर काढणार का? रस्त्याची पातळी घरांच्या जोत्यापासून किती खाली राहणार? गटार आधी होणार की मागाहून? हे प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारायचे असतात. रस्ता आधीच उंच झाला असेल, तर फाटकाशी आडवे, जाळी घातलेले गटार घेऊन येणारे पाणी तिथेच धरा आणि परसाकडच्या सखल बाजूला न्या.

आता शोषखड्ड्याविषयी. मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा ही उत्तम सोय आहे. पण त्याच्याकडून भलत्या अपेक्षा करू नयेत. एक मीटर लांब, रुंद आणि खोल असा खड्डा दगडगोट्यांनी भरला, की त्यात पाण्यासाठी साधारण चारशे लिटरांची जागा उरते. आपल्या हिशेबात तर तासाला २,७०० लिटर पाणी होते! म्हणून खड्ड्याला भरून वाहण्याची दुसरी वाट ठेवलीच पाहिजे. खड्डा करण्याआधी जमीन पाणी पिते का ते पाहा. फूटभर रुंद, फूटभर खोल लहान खड्डा खणा, एकदा पाण्याने भरून जिरू द्या, आणि दुसऱ्यांदा भरून वेळ मोजा. तासा-दोन तासांत पाणी गेले, तर शोषखड्डा चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसेच दिसले, तर त्या जागी शोषखड्ड्यावर पैसे घालवू नका. काळ्या चिकण मातीत बहुधा असेच होते. कोकणातही ऐन आषाढात भूजल वर आलेले असते. तिथे खड्डा खालूनच भरतो, म्हणून पाणी चराने वहाळाकडे न्यावे हे बरे. शोषखड्डा भिंतीपासून निदान तीन मीटर आणि पिण्याच्या विहिरीपासून पंधरा मीटर दूर ठेवा. खड्ड्याच्या आधी गाळ अडवायला लहान हौद करा, आणि वर झाकण घाला. आठवडाभर साचलेल्या स्वच्छ पाण्यातही डेंग्यूचे डास तयार होतात.

ज्यांच्या अंगणात फरशी आधीच घालून झाली आहे, त्यांनी काय करावे? घाबरून सगळे उखडण्याची गरज नसते. आधी मोरी आणि गटार साफ करा. मग पन्हळ लावा. तेवढ्याने पुष्कळ घरांची ओल कमी होते. त्यानेही भागले नाही, तर भिंतीलगतच्या फरशीच्या एकदोन ओळी काढा, खाली खणा, आणि बाहेरच्या उताराने पुन्हा बसवा. सगळी फरशीच भिंतीकडे उतरत असेल, तर भिंतीपासून दोन-तीन फुटांवर आडवे गटार काढून पाणी वाटेतच धरा. जोते गाडले गेले असेल, तर मात्र जोत्यालगतची फरशी खाली नेण्याला पर्याय नाही. आणि एक करू नका: ओल आलेल्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. बाहेरून भिंत चकचकीत दिसते, पण आतली ओल आत कोंडते आणि माती आतून मऊ होत जाते. ओल झाकली म्हणजे गेली असे नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. हा सगळा धडा शाळेच्या अंगणात शिकवता येतो. सरळ उभ्या कडेचा एक डबा मोकळ्या जागी ठेवा. पाऊस थांबला की आतले पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. मुलांकडून शाळेच्या छपराचे आणि अंगणाचे क्षेत्रफळ काढवून घ्या, आणि किती लिटर पाणी पडले त्याचा गुणाकार फळ्यावर करायला लावा. मग मुलांना विचारा, हे पाणी कुठे गेले? मुले धावत जाऊन शोधून येतील. त्यातली चारदोन मुले घरी जाऊन वडिलांना विचारतील, "आपल्या अंगणातलं पाणी कुठं जातं?" हा प्रश्न गावातल्या घराघरांत विचारला गेला, तर या भाषणाचे काम झाले.

शेवटी एक सूचना, अगदी व्यवहाराची. फरशी घालून झाली, की गवंड्याची मजुरी चुकती करण्याआधी दोन-चार बादल्या पाणी भिंतीलगत ओता आणि शांतपणे उभे राहा. पाणी मोरीपर्यंत पोचते का पाहा. पाव तासाने जिथे डबके उरले असेल, तिथे खडूने गोल काढा आणि ती फरशी पुन्हा बसवून घ्या. गवंडी कुरकुर करील. करू द्या. त्याची कुरकुर एक दिवसाची असते.

आणि घरातल्या एखाद्या आजीने म्हटले, की जमीन गार लागते, तर तिला घोंगडी देऊन गप्प करू नका. उठा, कंदील किंवा बॅटरी घ्या, आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पाणी कुठे साचले आहे ते पाहून या.